माशाच्या टाळूतली ग्रंथी आणि तळ्यातलं इंजेक्शन

पावसाळा लागला की मत्स्यबीज केंद्रांवर धांदल उडते. वर्षभर सांभाळलेले रोहू, कटला, मृगळ यांचे पोक्त नर आणि मादी जाळ्याने काढायचे, वजन करायचं, शेपटीजवळच्या मांसात इंजेक्शन द्यायचं आणि पाण्यात बांधलेल्या हाप्यात, म्हणजे जाळीदार कापडी पिशवीत, सोडायचं. काही तासांत मादी अंडी सोडते. दुसऱ्या दिवशी त्यातून सुईच्या टोकाएवढी पिल्लं बाहेर पडतात. मच्छीमार सोसायट्यांच्या भाषेत हे ‘मत्स्यजिरे’. पुढे त्यांची बोटुकली होते, ती तलावात सोडली जाते आणि वर्षभराने बाजारात येते.

या इंजेक्शनचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात आणि खाली तेच दोन प्रश्न असतात. एक, हे इंजेक्शन कशाचं आणि असा मासा खायचा का? दोन, तळ्यात खाणंपिणं सगळं मिळत असताना माशाला अंडी घालायला सुई का लागते?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर माशाच्या मेंदूखाली आहे. तिथे एक इवलीशी ग्रंथी असते. ती नेमकी कुठे बसली आहे, तिला कोण कुठून भिडतं, हे समजलं की इंजेक्शनही समजतं. आणि वाटेत अशा गोष्टी भेटतात की माणसाच्या शरीराचं चित्र पाहून शिकलेल्याला वाटावं, या ऊती भलत्याच जागी जाऊन बसल्या आहेत.

आधी थोडी ओळख

ऊती म्हणजे एकाच कामासाठी एकत्र आलेल्या पेशींचा समूह. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन बहुधा रक्तातून दुसऱ्या भागाला निरोप पोचवणारं रसायन, ज्याला आपण हार्मोन म्हणतो. आणि पीयूषिका म्हणजे मेंदूच्या तळाशी लोंबणारी ग्रंथी, डॉक्टरांच्या तोंडी पिट्युटरी. माणसात तिचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. रोहूसारख्या माशात ती काही मिलिग्रॅमचीच असते.

वाढ, थायरॉइड, ताणाला प्रतिसाद, अंडी आणि शुक्राणू तयार होणं, अंगातल्या मिठाचा तोल या सगळ्यांवर तिची संप्रेरकं चालतात. तिच्यावर हुकूम चालतो तो मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाचा. हा भाग तिच्या अगदी वर असतो. बाहेर दिवस मोठा झाला, पाणी गार पडलं, पूर आला, उपासमार झाली, ही खबर मेंदूला लागते आणि हायपोथॅलॅमसमार्फत पीयूषिकेकडे जाते.

अर्धी तोंडाची, अर्धी मेंदूची

पीयूषिका दिसते एक, पण तिचा जन्म दोन ठिकाणी होतो. मागचा भाग मेंदूच्या तळातूनच खाली उतरतो. पुढचा भाग गर्भाच्या तोंडाच्या छतातून, म्हणजे जिथे पुढे टाळू होणार तिथल्या पेशींतून तयार होतो. माणसाच्या गर्भात त्या छतावर एक छोटी पिशवी वर वळते, मेंदूकडे सरकते, तोंडाशी असलेला तिचा धागा तुटतो आणि ती मेंदूच्या भागाला जाऊन चिकटते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मार्टिन राथके यांनी १८३८ मध्ये या पिशवीचं वर्णन केलं, म्हणून ती ‘राथकेची पिशवी’.

रोहू, बांगडा, सुरमई अशा हाडांच्या सांगाड्याच्या माशांत पिशवी अशी वळत नाही. पेशींचा भरीव गोळाच आत जातो. शिवाय २०२० मध्ये झेब्राफिश या छोट्या माशात पेशींचा वंश जिवंतपणी शोधून पाहिल्यावर दिसलं की पीयूषिकेच्या पुढच्या भागातल्या काही पेशी तोंडाच्या त्वचेतून न येता अन्नमार्गाच्या आतल्या थरातून येतात. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं ‘तोंडाच्या त्वचेची ग्रंथी’ हे वाक्य आता थोडं सैल करावं लागतं. मूळ चित्र मात्र तेच राहतं: पुढचा भाग तोंडाच्या बाजूने वर येतो आणि मेंदूला जाऊन मिळतो.

काही माशांत तर तो तोंडाकडचा धागा तुटतच नाही. आफ्रिकेच्या नद्यांतला बिशिर हा जुन्या घराण्याचा मासा मोठा झाला तरी त्याच्या पीयूषिकेपासून तोंडाच्या छतापर्यंत उघडी नळी राहते. समुद्रातल्या इलॉप्स या चंदेरी माशातही असा मार्ग सापडला आहे.

पाट, ठिबक आणि पाझर

आता मुख्य गोष्ट. मेंदूचा निरोप ग्रंथीपर्यंत जातो कसा?

माणसात हायपोथॅलॅमसच्या चेतापेशी आपली रसायनं बारीक रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यात सोडतात. ते रक्त थेट खाली पीयूषिकेच्या पुढच्या भागात उतरतं आणि तिथल्या पेशींना भिजवतं. हे पाटाने पाणी देण्यासारखं आहे. पाटाला पाणी सोडलं की ते सगळ्या वाफ्यांतून फिरतं. ज्या रोपाला हवं ते उचलतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कल्पना प्रयोगांनी पक्की केली आणि ती निरोपाची रसायनं शोधून काढल्याबद्दल रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं.

बहुतेक हाडांच्या माशांत हा पाट नाही. तिथे हायपोथॅलॅमसच्या चेतापेशींचे लांब तंतू स्वतःच ग्रंथीच्या आत शिरतात आणि संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या शेजारी जाऊन थांबतात. ठिबकची नळी जशी रोपाच्या बुडाशी येते, तसा प्रत्येक निरोप ज्याचा त्याच्या दाराशी. त्यासाठी मेंदूकडची ऊती मागच्या भागात न थांबता बोटांसारखी फाटे फोडत पुढच्या भागात घुसलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली ही सरमिसळ पाहिली की पुढचा भाग कुठे संपला आणि मागचा कुठे सुरू झाला, हे सांगणं अवघड होतं. माणसाच्या पीयूषिकेत पुढचा आणि मागचा भाग शेजारी राहतात. माशात मेंदूची ऊती ग्रंथीच्या पोटात राहते.

लॅम्प्रे या बिनजबड्याच्या सापासारख्या माशात पाटही नाही आणि ठिबकही नाही. मेंदूचा तळ आणि ग्रंथी यांच्यामध्ये संयोजी ऊतीचा पातळ थर असतो. मेंदूतून सुटलेली रसायनं त्यातून झिरपत ग्रंथीपर्यंत पोचतात. नुसता पाझर.

ठिबकचा एक परिणाम लगेच दिसतो. माणसाच्या पीयूषिकेत वेगवेगळ्या पेशी बऱ्याच मिसळलेल्या असतात. हाडांच्या माशांत त्या पट्ट्यापट्ट्यांनी वसलेल्या आहेत. सगळ्यांत पुढे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी, त्यांना लागून ताणाचं संप्रेरक बनवणाऱ्या. मधल्या पट्ट्यात वाढीच्या, थायरॉइडला चालना देणाऱ्या आणि प्रजननाच्या पेशी. मागच्या पट्ट्यात त्वचेचा रंग सांभाळणाऱ्या आणि सोमॅटोलॅक्टिन हे माशांतच सापडणारं संप्रेरक बनवणाऱ्या.

या मांडणीने संशोधकांवर मोठे उपकार केले आहेत. तिलापियात पुढचा पट्टा जवळजवळ पूर्ण प्रोलॅक्टिन पेशींचाच असतो. तेवढा कापून काचेच्या बशीत जगवता येतो. मग दिसतं की भोवतालच्या द्रवातलं मीठ कमी केलं की मेंदूच्या निरोपाची वाट न बघता त्या पेशी फुगतात आणि प्रोलॅक्टिन सोडतात. सस्तन प्राण्यांत जे संप्रेरक दुधासाठी ओळखलं जातं ते माशाला गोड्या पाण्यात जिवंत ठेवतं, कारण ते अंगातलं मीठ बाहेर जाऊ देत नाही. १९५९ मध्ये ग्रेस पिकफर्ड आणि जॉन फिलिप्स यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या किलिफिश माशाची पीयूषिका काढली. मासा खाऱ्या पाण्यात जगला, गोड्या पाण्यात मेला आणि प्रोलॅक्टिन टोचल्यावर गोड्या पाण्यातही जगला.

चेतापेशी संप्रेरक सोडते, हे कशावरून?

ही शंका शास्त्रज्ञांनीच दीर्घकाळ घेतली. चेतापेशीचं काम विजेसारखे संदेश नेणं, रस स्रवणं हे ग्रंथीचं काम, अशी पक्की वाटणी होती. १९२८ मध्ये अर्न्स्ट शारर या जर्मन संशोधकाने फॉक्सिनस नावाच्या छोट्या नदीतल्या माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये अशा चेतापेशी पाहिल्या ज्या दिसायला थेट ग्रंथीच्या पेशींसारख्या होत्या. त्याने म्हटलं की या पेशी संप्रेरक स्रवत असाव्यात. कित्येक वर्षं लोकांचा विश्वास बसला नाही. आज संप्रेरकशास्त्राचा अर्धा डोलारा त्या निरीक्षणावर उभा आहे आणि ते एका माशाच्या मेंदूतून आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता सावधगिरीचा शब्द. ठिबकचं चित्र बरोबर असलं तरी ते संपूर्ण चित्र आहे असं मानू नये. झेब्राफिशवरच्या अलीकडच्या कामात दिसलं की ग्रंथीत शिरलेले काही तंतू पेशीशी न थांबता तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींशी संपतात. म्हणजे ग्रंथीच्या आत थोडं रक्तातूनही वाटप होतं.

मुशीचा लोंबता तुकडा

कोकणच्या बाजारात मुशी आणि पाकट सगळ्यांना ठाऊक आहेत. हे शार्क आणि रे, म्हणजे कूर्चेच्या सांगाड्याचे मासे. गंमत अशी की इतके जुने असूनही यांच्यात माणसासारखा पाट आहे: मेंदूखाली रक्तवाहिन्यांचं जाळं आणि त्यातून ग्रंथीत उतरणारं रक्त. पण त्यांच्या पीयूषिकेचा एक तुकडा देठाने खाली लोंबतो आणि कवटीच्या तळाच्या कूर्चेत रुतून बसतो. त्याला म्हणतात अधर खंड. पाटाचं रक्त या तुकड्यापर्यंत पोचत नाही. त्याला शरीरातलं साधं रक्तच मिळतं.

आणि हा तुकडा बिनकामाचा म्हणावा, तर प्रजननाची संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी नेमक्या तिथेच आहेत. युरोपच्या किनाऱ्यावरच्या छोट्या मुशीत हा खंड काढून टाकला की वृषण आणि अंडाशय सुकू लागतात. मग मेंदूचा निरोप तिथे पोचतो कसा? या माशांत प्रजननाचं मेंदूतलं रसायन, ज्याला जीएनआरएच म्हणतात, सगळ्या शरीराच्या रक्तात फिरताना सापडतं. माणसात ते इतकं थोडं असतं की पाटाबाहेर त्याचा मागमूस मिळणं कठीण.

मुशीचे दूरचे भाऊबंद म्हणजे खोल समुद्रातले कायमेरा. लांब शेपटीमुळे त्यांच्यातल्या एका जातीला रॅटफिश म्हणतात. यांच्यात प्रकरण आणखी पुढे गेलं आहे. गर्भात पीयूषिकेला जोडलेला एक तुकडा पुढे कूर्चेच्या भिंतीने तुटतो आणि कायमचा कवटीबाहेर, तोंडाच्या छतातल्या ऊतीत राहतो. मेंदूशी ना तंतूने जोडलेला, ना पाटाने. हा मुशीच्या अधर खंडाचाच भाऊ असावा असं मानलं जातं. मेंदूची म्हणून ओळखली जाणारी ग्रंथी टाळूत!

तिला ‘चुकून तिथे राहिली’ म्हणणं मला पटत नाही. तिचा जन्मच टाळूजवळचा. बाकीच्या प्राण्यांत ती वर सरकली, इथे एक तुकडा मूळ गावी थांबला आणि तिथूनही काम करत राहिला.

मग जागा सारखी असेल तर नातं जवळचं का?

असं वाटणं साहजिक आहे आणि एकदा शास्त्रातही तसंच वाटलं होतं. सीलाकँथ हा मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झाला असं समजलं जात होतं. १९३८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात पकडून आणलेल्या माशांच्या राशीत सापडला, आणि पुढे १९५२ मध्ये कोमोरो बेटांजवळ. त्याची कवटी उघडल्यावर मोठं आश्चर्य दिसलं. मोठ्या माशात कवटीच्या पोकळीचा शेकडा एक-दीड टक्काच भाग मेंदूचा, बाकी सगळी चरबी. मेंदू मागे, आणि पीयूषिका पुढच्या बाजूला लांब ताणलेली. तिचा पुढचा भाग बेटांसारख्या तुकड्यांत विखुरलेला.

मायकेल लागिओस यांनी १९७० च्या दशकात या पीयूषिकेचा बारकाईने अभ्यास केला. मुशीच्या अधर खंडाशी तिचं साम्य पाहून आणि इतर काही पुरावे जोडून त्यांनी १९७९ मध्ये मांडलं की सीलाकँथ हा मुशी-पाकटांचा सख्खा भाऊबंद आहे. विचार धीट होता, निरीक्षणं प्रामाणिक होती. पण सांगाड्याने आणि नंतर जनुकांनी वेगळी साक्ष दिली. २०१३ मध्ये सीलाकँथचा जीनोम, म्हणजे त्याच्या जनुकांचा संपूर्ण संच, प्रसिद्ध झाला आणि त्याची जागा पक्की झाली: तो मांसल परांच्या माशांतला आहे, म्हणजे मुशीपेक्षा तुमच्या-माझ्या कितीतरी जवळचा. आणि फुप्फुसमासा त्याहूनही जवळचा.

म्हणून ग्रंथीची जागा हा ती कशी काम करते याचा उत्तम पुरावा आहे, पण तिच्या मालकाचं गोत्र ठरवायला एवढ्याने भागत नाही. तुकडे सुटणं, ताणलं जाणं, मागे राहणं हे वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या वेळी होऊ शकतं, किंवा सगळ्यांच्या जुन्या पूर्वजाकडून एखाद्यातच टिकून राहू शकतं.

बाकीच्या ऊतीही आपल्या ओळखीच्या जागी नाहीत

पीयूषिका ज्यांना हुकूम देते त्या ग्रंथीही माशांत वेगळ्याच ठिकाणी भेटतात. बहुतेक हाडांच्या माशांत थायरॉइड ही एक गाठ नसते; तिचे बारीक पुटके घशाखाली, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीभोवती विखुरलेले असतात. सायप्रिनस या आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या माशात ते मूत्रपिंडातही सापडतात. आपल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या सालीचं काम करणाऱ्या, ताणाचं कॉर्टिसॉल सोडणाऱ्या पेशी माशाच्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या टोकात असतात.

आणि शेपटीत तर दुसरं केंद्रच आहे. मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाशी मोठ्या चेतापेशी असतात, त्यांचे तंतू एका छोट्या गाठीत जमतात आणि तिथून संप्रेरकं रक्तात सोडतात. मेंदूखाली जे घडतं तेच शेपटीच्या बुडाशी. उलरिक डालग्रेन यांनी १९१४ मध्ये पाकटासारख्या माशांत या पेशींची नोंद केली. या गाठीतून वेगळं काढलेलं युरोटेन्सिन-२ पुढे माणसातही सापडलं; ते रक्तवाहिन्या जोरात आकसवतं.

पीयूषिकेच्या लगेच मागे अनेक माशांत रक्ताने भरलेली लालसर पिशवी असते. तिचं काम काय, यावर फार काळ नुसते तर्क होते. २०१३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठात ताकाशी योशिमुरा यांच्या गटाने मासू सामन माशावर दाखवलं की ही पिशवी ऋतू ओळखते. तिच्या पेशींत प्रकाश टिपणारी प्रथिनं आहेत, आणि पिशवी काढून टाकली की दिवसाच्या लांबीप्रमाणे प्रजननाचे अवयव वाढणं थांबतं. मेंदूच्या तळाशी, कवटीच्या आत, ऋतूची जाण ठेवणारी ऊती!

मग तळ्यातला रोहू अंडी का घालत नाही?

रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. पावसाळी पुरात, वाहत्या नव्या पाण्यात त्यांची वीण होते. तळ्यात मादीच्या पोटात अंडी वाढतात, जवळजवळ पूर्ण होतात आणि तिथेच थांबतात. शेवटचा टप्पा गाठायला पीयूषिकेतून एलएच या संप्रेरकाची मोठी लाट यावी लागते आणि पुराची चाहूल नसल्याने ती येत नाही.

पूर्वी म्हणूनच मत्स्यबीज नदीतून गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या जातींची पिल्लंही येत. १९३० च्या सुमारास अर्जेंटिनात बर्नार्डो हुसे यांनी आणि पाठोपाठ ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी पीयूषिकेचा अर्क माशांना टोचून पाहिला होता. रोहू, कटला, मृगळ या भारतीय कार्प गटातल्या माशांत हे यश हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे मिळवलं. त्या आठवणीत आजही १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात.

अर्कासाठी ग्रंथी काढणाऱ्याला तिची जागा हाताला माहीत असावी लागते. कार्पच्या डोक्याचं वरचं हाड कापून मेंदू अलगद उचलला की ग्रंथी बहुधा मेंदूबरोबर वर येत नाही. तिचा देठ बारीक असल्याने तुटतो आणि ती खालच्या हाडाच्या खळग्यात पातळ पडद्याखाली राहते. काही इतर माशांत देठच नसतो, तिथे ती मेंदूला चिकटून वर येते. काढलेली ग्रंथी शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात, मग खलात घोटून तिचा अर्क करतात. मादीला किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅमचा पहिला डोस, सुमारे सहा तासांनी ५ ते ८ मिलिग्रॅमचा दुसरा, अशी जुनी पद्धत आहे.

अर्कात एलएच तयार मिळतं, म्हणजे मादीच्या स्वतःच्या पीयूषिकेला वगळून काम होतं. पण तिच्या ग्रंथीत एलएच भरून असतंच की! मग तेच का सोडवू नये? मेंदूतलं जीएनआरएच टोचून पाहिलं तर कार्पमध्ये परिणाम अर्धवट येई. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर यांनी गोल्डफिशवर कारण शोधलं. ग्रंथीत शिरणाऱ्या तंतूंत दोन प्रकार आहेत: काही जीएनआरएच आणतात आणि एलएच सोडायला लावतात, काही डोपामाइन आणतात आणि ते रोखतात. दोन्ही नळ्या एकाच पेशीच्या बुडाशी. म्हणजे नुसती चालना वाढवून भागत नाही, अटकाव सैल करावा लागतो.

पीटर आणि चिनी शास्त्रज्ञ लिन हाओ-रान यांनी दोन्ही एकत्र देण्याची पद्धत बसवली. त्यांच्या नावांवरून तिला ‘लिनपे’ म्हणतात. आज बहुतेक केंद्रांवर मिळणारं ओव्हाप्रिमसारखं तयार औषध याच तत्त्वाचं: एका मिलिलिटरमध्ये सामनच्या जीएनआरएचशी मिळतंजुळतं रसायन २० मायक्रोग्रॅम आणि डोपामाइनला अडवणारं डोम्पेरिडोन १० मिलिग्रॅम. हे डोम्पेरिडोन म्हणजे आपल्याकडे मळमळीवर देतात तेच औषध. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो, त्यामुळे ते रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. पीयूषिका मात्र त्या अडसराच्या बाहेर आहे, त्यामुळे औषध नेमकं तिथे पोचतं आणि मेंदू बराचसा बाजूला राहतो. इथेही जागाच कामाला आली.

सगळ्या माशांत डोपामाइनचा अटकाव इतका कडक नसतो. समुद्रातल्या काही माशांत तो फार कमी किंवा नसतोच. तिथे एकटं जीएनआरएच पुरतं.

असा मासा खायचा का?

इंजेक्शन प्रजनक माशाला दिलं जातं, तुमच्या ताटातल्या माशाला नाही. ताटातला रोहू त्याचं पिल्लू असतो, आणि त्याला वर्षभरात सुई लागलेली नसते. टोचलेलं जीएनआरएच हे छोटं प्रथिनासारखं रसायन आहे. ते माशाच्या अंगात लवकर मोडतं आणि पोटात गेलं तरी पचतं. डोम्पेरिडोन मात्र औषध आहे, म्हणून इंजेक्शन दिलेला प्रजनक मासा लगेच बाजारात विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिलापियाचं प्रकरण वेगळं. सगळे नर मिळावेत म्हणून त्याच्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे नर संप्रेरक मिसळलेलं खाद्य देण्याची पद्धत आहे. त्यावर प्रश्न विचारायचे असतील तर ते वेगळे विचारावेत. दोन्हींची गल्लत करून रोहूला दोष देऊ नये.

इंजेक्शनपेक्षा मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. सुईमुळे कोणत्याही जातीची वीण एकाच दिवशी घडवता येते. घाईत एकाच कुंडात रोहू, कटला, मृगळ एकत्र सोडले की संकरित पिल्लं निघतात. तेच ते मोजके प्रजनक वर्षानुवर्षं वापरले की बीज कमकुवत होतं. शेतकऱ्याने बीज घेताना इंजेक्शन कोणतं यापेक्षा प्रजनक कुठून आणले, किती आणि कधी बदलले, हे विचारावं.

आणि आपल्या डोक्यात?

रॅटफिशच्या टाळूतल्या तुकड्याची नक्कल माणसातही आहे. नाकामागे घशाच्या छतात पीयूषिकेच्या ऊतीचा इवलासा अवशेष आपल्यात राहतो. राथकेची पिशवी ज्या वाटेने वर गेली त्या वाटेवर उरलेल्या पेशींपासून कधीकधी क्रेनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ होते, मुलांत आणि पन्नाशीनंतर जास्त. ती कर्करोगासारखी पसरत नाही, पण जागा अडचणीची: वर दृष्टीच्या नसा, शेजारी पीयूषिका. म्हणून मुलाची उंची थांबणं आणि नजर कमी होणं एकत्र दिसलं तर डॉक्टर मेंदूचं एमआरआय करायला सांगतात. पीयूषिकेच्या अनेक शस्त्रक्रिया आज डोकं न उघडता नाकातून होतात, कारण ती नाकाच्या मागच्या पोकळीच्या लगेच वर आहे.

जीएनआरएच बनवणाऱ्या पेशींचीही अशीच कहाणी. त्या मेंदूत काम करतात, पण जन्मतात गर्भाच्या नाकाच्या ऊतीत आणि वासाच्या नसांच्या आधाराने सरकत मेंदूत पोचतात. काही मुलामुलींत हा प्रवास पूर्ण होत नाही. त्यांना वास येत नाही आणि वय झालं तरी तारुण्याची लक्षणं दिसत नाहीत. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णांची पीयूषिका सहसा धडधाकट असते. ठरावीक अंतराने थोडं थोडं जीएनआरएच पंपाने दिलं, तर बहुतेकांत ती एलएच सोडायला लागते.